अठरा महिन्यांचा ऊस आणि चार महिन्यांचा हप्ता

कोल्हापूरकडे कुणाला जमीन किती म्हणून विचारलं, तर उत्तर बहुतेकदा गुंठ्यांत येतं. ४० गुंठ्यांचा एकर, आणि भावाभावांच्या वाटण्या होऊन घराच्या वाट्याला २० गुंठे, कुठं १५. त्यात ऊस. लोक उसाला उगीच धरून बसलेले नाहीत. वाऱ्यापावसात भाजी झोपते, सोयाबीन कुजतं. ऊस लोळला तरी वजन देतो. न्यायला कारखाना आहे, भाव आधी माहीत असतो. पण आडसाली लागण जुलै-ऑगस्टात झाली की तोड यायला सोळा ते अठरा महिने जातात, आणि लहान शेतकऱ्याची तोड लवकर येईल याचा भरवसा नसतो. या मधल्या काळात सरकारकडून दर चार महिन्यांनी थेट खात्यावर येणाऱ्या हप्त्याचं काय करता येतं, ते बघू.

हिशेब मांडू. ‘गुंठ्याला टन’ पडला, म्हणजे ऊस बरा साधला असं आपण म्हणतो. २० गुंठ्यांचे २० टन. टनामागे हातात तीन-सव्वातीन हजार धरले तर बिल साठ-पासष्ट हजारांचं. अठरा महिन्यांवर वाटलं तर महिन्याला साडेतीन हजार, आणि अजून बियाणं, खत, बांधणी (उसाच्या बुडाला मातीची भर लावणं) यांतलं काहीच वजा केलेलं नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस गेल्यापासून १४ दिवसांत बिल मिळायला हवं. ते वेळेवर मिळालं तरी सेवा सोसायटीचं पीककर्ज आणि पाणीपुरवठा संस्थेची पाणीपट्टी बिलातूनच कापली जाते. खात्यावर येतो तो उरलेला पैसा, आणि त्याची वाटणी लग्न, दवाखाना, शाळा यांत आधीच झालेली असते. या पैशातून ‘दुसरं काहीतरी करून बघू’ असं म्हणायला जागाच राहत नाही. गुंठ्यांवर कर्ज मिळतं ते उभ्या उसाच्या नावानं. दहा कोंबड्यांसाठी किंवा आठ किलो धण्यांसाठी सोसायटीच्या दारात कोण उभं करणार?

थेट खात्यावर येणाऱ्या मदतीकडे मी या जागेवरून बघतो. केंद्राच्या पीएम-किसान योजनेचे वर्षाला ६,००० रुपये, दर चार महिन्यांनी २,०००. योजना २४ फेब्रुवारी २०१९ ला सुरू झाली. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे तेवढेच आणखी. त्याचा पहिला हप्ता ऑक्टोबर २०२३ मध्ये आला. दोन्ही मिळून वर्षाला १२,०००. रक्कम लहान आहे, आणि तिच्यावर संसार चालतो असं कुणी म्हणू नये. पण या पैशाचे दोन गुण आहेत. एक, तो कशासाठी खर्चायचा हे कुणी सांगत नाही. दुसरा, तो उसाच्या मधल्या कोरड्या महिन्यांत येतो.

पहिल्या गुणाची किंमत कळायची तर अनुदानाशी ताडून बघावं. सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करायचा, निवड व्हायची, पूर्वसंमती यायची, मग स्वतःच्या पैशानं अवजार घ्यायचं, बिल चढवायचं, पाहणी व्हायची, आणि नंतर अनुदान खात्यावर. ट्रॅक्टर-ठिबकसाठी हे ठीक आहे. ज्याच्याकडे आधी घालायला पैसाच नाही, तो मात्र या रांगेत उभाच राहू शकत नाही. रोख हप्ता त्याच्यासाठी आहे.

दुसऱ्या गुणाचा हिशेब तर सोपा आहे. सावकाराकडून महिना शेकडा तीननं पाच हजार उचलले आणि सहा महिन्यांनी फेडले, तर व्याज ९०० रुपये. धण्याच्या बियाचा निम्म्याहून जास्त खर्च तेवढ्यात निघतो.

आता धण्याचंच घेऊ, कारण २० गुंठ्यांत सगळ्यात कमी पैशात आणि सगळ्यात लवकर परत येणारा रुपया मला तिथं दिसतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी लागण असली, साडेचार-पाच फुटांची सरी असली, तर पहिले तीन-साडेतीन महिने उसाची पानं एकमेकांना भिडत नाहीत. पाणी तर आपण देतोच; ते मधल्या मोकळ्या जागेत तणाला जातं. वरंब्याच्या दोन्ही बगलांना कोथिंबीर टाकायची. सगळ्या २० गुंठ्यांना आंतरपीक म्हणून साधारण आठ किलो बी पुरतं, आणि हजार-दीड हजारात ते भागतं. धणे अख्खे टाकू नयेत. चपलेनं किंवा लाकडी फळीनं हलके रगडून दोन फाकी करायच्या, बारा तास पाण्यात भिजवायच्या, सावलीत सुकवून मग पेरायच्या. अख्ख्या धण्याची उगवण उशिरा आणि विरळ होते; लोक बियाला दोष देतात, चूक रगडण्यात असते. आठ-दहा दिवसांत उगवण दिसते, पस्तीस ते पंचेचाळीस दिवसांत जुडी बांधता येते.

सगळं बी एका दिवशी पेरायचं नाही. तीन वाटे करायचे, आठ-आठ दिवसांच्या अंतरानं. कोथिंबिरीचा भाव एका आठवड्यात निम्म्यावर येतो आणि पुढच्या आठवड्यात दुप्पट होतो. सगळा माल एकदम आला तर मार्केट यार्डात टाकून यायची पाळी येते. थोडा थोडा आला तर आठवडी बाजारात घरचं माणूस बसून विकू शकतं. काढणी पहाटे, मुळं धुऊन, ओल्या पोत्यात. जुडीला काढणी आणि वाहतुकीचा खर्चही सुटत नसेल तर काढू नये, सरीतच गाडावी. तेवढं हिरवळीचं खत उसाला मिळतं आणि मजुरी वाचते.

बहुतेक ठिकाणी बिघडतं ते तणनाशकानं. ऊस लावला की दोन-चार दिवसांत अ‍ॅट्राझिन मारायची आपल्याकडे सवय झालेली आहे. ते मारलेल्या रानात कोथिंबीर, मेथी, हरभरा काही नीट येत नाही; उगवून पिवळं पडतं आणि जातं. पुढं टू-फोर-डी मारलं तर राहिलेलंही जातं, आणि शेजाऱ्यानं मारलेलं वाऱ्यानं आलं तरी तेच. म्हणून आंतरपीक घ्यायचं की तणनाशक मारायचं, हे लागणीआधी ठरवावं. पहिल्या दीड महिन्यात दोन खुरपण्या हातानं करायची तयारी हवी. दुसरी चूक लोभाची. कोबी-फ्लॉवरला पैसे जास्त दिसतात म्हणून ते घातलं जातं, पण ते अडीच-तीन महिने रान अडवतं, खत ओढतं, आणि उसाला फुटवे फुटायच्या वेळी सावली करतं. मोठ्या बांधणीआधी रान मोकळं व्हायलाच हवं. चार पैशांच्या भाजीपायी टन-दोन टन ऊस घटला तर सगळी मेहनत वाया. भाजी घ्यायचीच तर उसाच्या वेगळं खत तिला द्यावं.

परड्यातल्या कोंबड्यांचं गणित दुसरं आहे. इथं लागणारा पैसा दोन हप्त्यांत बसतो, पण चुकायच्या जागा जास्त आहेत. पहिली चूक एक दिवसाची पिल्लं आणण्याची. स्वस्त पडतात, पण त्यांना पहिल्या आठवड्यात ३३ ते ३५ अंश ऊब लागते, पुढं दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत चार आठवडे न्यावं लागतं. रात्री वीज गेली की पिल्लं कोपऱ्यात एकावर एक चढून गुदमरतात. पहिल्यांदा करणाऱ्यानं चार आठवड्यांची, लसी झालेली पिल्लं घ्यावीत. वनराज, गिरिराज, ग्रामप्रिया यांपैकी जे मिळेल ते. अंड्यांसाठी ग्रामप्रिया उजवी, मांसासाठी वनराज-गिरिराज. बारा पिल्लं बस. त्यांतले नर खाण्या-विकण्यात जातील, सात-आठ माद्या उरतील. साडेपाच-सहा महिन्यांनी अंडं सुरू होतं. परड्यात फिरणारी मादी वर्षाला शंभर-सव्वाशे अंडी देते. घरात मुलांना खाऊ घालूनही चारपाचशे अंडी विकायला उरतात. गावरान म्हणून दहा रुपयांना अंडं सहज जातं, आणि हा पैसा घरातल्या बाईच्या हातात, पाच-पन्नास करत, वर्षभर येत राहतो. उसाच्या बिलाला हे कधी जमत नाही.

या सुधारित कोंबड्या खुडूक बसत नाहीत. पिल्लं घरी काढायची तर एक देशी कोंबडी ठेवावी लागते, आणि निघालेली पिल्लं आईइतकी अंडी देत नाहीत. दोन वर्षांनी नवीन पिल्लं विकत आणायची, हे आधीच धरून चालावं.

कोंबड्या मरतात त्या मानमोडीनं, म्हणजे राणीखेत रोगानं. उन्हाळ्याच्या शेवटी, वळवाच्या सुमाराला गल्लीच्या गल्ली रिकामी होते. लस साधी आहे आणि महागही नाही: पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा थेंब डोळ्यात, चौथ्या आठवड्याच्या आसपास परत, आणि आठव्या-दहाव्या आठवड्यात आरटूबी ही लस टोचून. तरी लोक करत नाहीत, कारण कुपी शंभर-दोनशे मात्रांची येते आणि घरात कोंबड्या बारा. उघडलेली कुपी दोनेक तासांत संपवावी लागते, नंतर लस निकामी. बारा कोंबड्यांसाठी अख्खी कुपी कोण फोडणार? उपाय शेजारात आहे. आठ-दहा घरांनी एक दिवस ठरवावा, एकानं थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी आणावी, आणि संध्याकाळी कोंबड्या डालग्याखाली आल्या की घरोघर थेंब घालत जावं. शेजारची कोंबडी लसीविना राहिली तर आपल्यालाही धोका असतो, म्हणून हे काम एकट्यानं करून फारसं साधत नाही. बाजारातून आणलेली नवीन कोंबडी पंधरा दिवस वेगळी ठेवावी. रात्रीच्या खुराड्याला जाळी हवी; मुंगूस दोन बोटांच्या फटीतून आत येतं आणि एका रात्रीत सगळी मारून एक घेऊन जातं.

शेळीबद्दल मात्र सरसकट सल्ला देणं मला पटत नाही. जिल्हा एक असला तरी पाऊस एक नाही. शिरोळ-हातकणंगल्याच्या कोरड्या बाजूला उस्मानाबादी चांगली चालते. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीच्या पावसात तीच शेळी ओल्या जमिनीवर बांधली तर खुरं सडतात, करडांना हगवण लागते, फुफ्फुसं धरतात. तिकडं जमिनीपासून दोन-तीन फूट उंच बांबूचं मचाण हवं, लेंडी खाली पडेल पण करडाचा पाय अडकणार नाही एवढीच फट ठेवून. हा खर्च शेळीच्या किमतीत धरला नाही तर पहिल्याच श्रावणात हिशेब चुकतो. गाभण शेळी आठ-दहा हजारांच्या खाली मिळणं अवघड. पेठ वडगावच्या बाजारात घ्यायला गेलात तर कास दाबून बघा, दोन्ही सडांतून धार येते का बघा, दात बघा, आणि बकरी ईदच्या आधीच्या महिन्यात खरेदीला जाऊच नका. ते दिवस विकायचे. कुर्बानीला बोकड वर्षाचा पुरा लागतो आणि ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, म्हणून कोणत्या महिन्यातली करडं कोणत्या ईदेला लागतील हे मोजून ठेवावं. आंत्रविषार या आतड्याच्या रोगाची लस पावसाआधी मे-जूनमध्ये, पहिल्यांदा असेल तर पंधरा दिवसांनी दुसरा डोस. पीपीआर या शेळ्यांच्या साथीच्या रोगाची लस एकदा टोचली की तीन वर्षं बघायला नको. जंताचं औषध पावसाच्या आधी आणि नंतर.

म्हशीबद्दल थोडक्यात. हप्त्याच्या पैशात म्हैस येत नाही, लाखाच्या घरात जाते. पण असलेली म्हैस नीट राखायला हा पैसा उपयोगी पडतो. डेअरीत दूध घातलं की दहा दिवसांनी बिल येतं, त्यातून पेंड कापली जाते. हंगामात वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, फुकट मिळतं म्हणून नोव्हेंबर ते मार्च जनावरं वाढ्यावरच असतात, आणि वाढ्यातल्या ऑक्झॅलेटमुळं अंगातलं कॅल्शियम कमी होतं. म्हैस वेळेवर माजावर येत नाही, व्यायल्यावर बसते. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडणं आणि रोज पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण, एवढ्यानं फरक पडतो. दोन वेतांमधलं अंतर तीन महिन्यांनी कमी झालं, तर ते तीन महिने दूध जास्त. नवी म्हैस न आणता मिळकत वाढवायची ही वाट मला अनेकांपेक्षा शहाणी वाटते.

दोन हजार हातात आले की ते विरघळतात, ही तक्रार खरी आहे. तिचं उत्तर मात्र शेतकऱ्याच्या उधळेपणात शोधू नये. केनियात, जिथं गरीब कुटुंबांना विनाअट रोख देऊन बारकाईनं मोजमाप झालं, तिथं हौसहोफर आणि शापिरो यांच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दारू-तंबाखूवरचा खर्च वाढलेला आढळला नाही. पण एक फरक ठळक दिसला. महिन्याला थोडे थोडे मिळालेल्यांचं खाणं सुधारलं. एकरकमी मिळालेल्यांनी टिकाऊ वस्तूंवर जास्त खर्च केला. तिथल्या रकमा आपल्या हप्त्यापेक्षा कितीतरी मोठ्या होत्या, तेव्हा त्यांची फळं जशीच्या तशी इथं मागणं बरोबर नाही. त्याच देशात पुढं अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. वर्षानुवर्षं दरमहा पैसे मिळणार हे माहीत असलेली माणसं आपसांत भिशी लावून ते पैसे एकरकमी करून घेत होती. कोल्हापूरला भिशी शिकवायची गरज नाही. ती हप्त्याच्या तालावर लावायला हवी, एवढंच.

असं करता येतं. सहा घरं, दोन्ही योजनांचे मिळून चार महिन्यांचे ४,००० रुपये. एका फेरीला २४,००० जमतात. वर्षाला तीन फेऱ्या, दोन वर्षांत सहाही घरांना एकदा. चिठ्ठी टाकू नये. पाळी कामाच्या हंगामाप्रमाणं लावावी. शेळी घेणाऱ्याला डिसेंबर-मार्चच्या हप्त्याची पाळी, म्हणजे पावसाआधी जनावर रुळतं आणि मचाण बांधून होतं. आंतरपिकाचं बी आणि खत घेणाऱ्याला ऑगस्ट-नोव्हेंबरची. एप्रिल-जुलैची पाळी कोंबडीवाल्यानं घेऊ नये, मानमोडीचा आणि पावसाचा काळ असतो. ती बांधावर शेवगा किंवा शेवरी लावणाऱ्याला द्यावी. शेवटच्या घराला दोन वर्षं थांबावं लागतं, म्हणून आधी उचलणाऱ्यानं दर फेरीला शंभर-दोनशे जादा घालावेत. भरण्याची तारीख ठरवू नये, कारण सरकारी हप्ता तारीख पाळत नाही. ‘जमा झाल्यापासून आठ दिवसांत’ असं वहीत लिहावं. दोन्ही योजनांचे पैसे वेगवेगळ्या दिवशी येतात, तेव्हा दुसरे आल्यावरच फेरी पूर्ण धरावी. आणि नदीकाठच्या गावांनी २०१९ आणि २०२१ चे महापूर आठवून एक फेरी बाजूला ठेवावी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. तेव्हा शेळी-म्हैस हाकून नेता येते. खुराडं आणि वैरण राहून जाते.

पैसे मुळात आलेच नाहीत, तर बँकेत भांडण्याआधी एक गोष्ट तपासावी. थेट मदत खाते क्रमांकावर न जाता आधार शेवटचा ज्या खात्याला जोडला गेला त्या खात्यात जाते. पोरानं मोबाईलवर नवीन बँकेत खातं काढताना बापाचा आधार तिथं जोडला असेल, तर पैसा तिकडं साठत असतो आणि बाप जिल्हा बँकेचं पासबुक भरून घेत बसतो. ई-केवायसी राहिलं असेल तर तेही अडवतं. विळा-खुरप्यानं बोटांचे ठसे झिजलेल्या माणसांचा अंगठा यंत्रावर लागत नाही. त्यांच्यासाठी चेहरा दाखवून करायची सोय आहे, ती मागून घ्यावी. सातबाऱ्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव यांत आजोबांच्या नावाचा, आडनावाच्या स्पेलिंगचा फरक असेल तर तो आधी तलाठ्याकडून मिटवावा.

एक दुखणं यातून सुटत नाही. हा पैसा सातबाऱ्याला जोडलेला आहे. ज्यानं रान वाट्यानं किंवा खंडानं केलं आहे, चिखलात उभा आहे, बी टाकतो आहे, त्याचं नाव उताऱ्यावर नाही, म्हणून त्याच्या खात्यावर काही नाही. पीएम-किसानला १ फेब्रुवारी २०१९ ची जमीनधारणा बघतात. नंतर रान विकत घेतलेला बसत नाही, वारसानं मिळालेला बसतो. बायकांचं तसंच. कोंबड्या, शेळ्या, जुड्या बांधणं, बाजारात बसणं, हे सगळं तिचं; हप्ता नवऱ्याच्या खात्यात. लाडकी बहीण योजनेचे जुलै २०२४ पासूनचे महिना १,५०० रुपये तिच्या खात्यावर येऊ लागले तेव्हा परड्यातल्या उद्योगाला पहिल्यांदा तिच्या सहीनं पैसा मिळाला. पण जिच्या नावावर गुंठे आहेत आणि जी शेतकरी हप्ते घेते, तिला त्यातले ५०० च मिळतात. ओडिशानं २०१८ च्या अखेरीस आणलेल्या कालिया योजनेत भूमिहीन घरांसाठी १२,५०० रुपये वेगळे ठेवले होते, शेळ्या, कोंबड्या, अळिंबी, मधमाश्या अशा उद्योगांसाठी. आपल्याकडे वाटेकऱ्याला आणि भूमिहीन बाईला अशी दारं उघडी करावीत, असं मला फार वाटतं. तोवर घरातल्या घरात होण्यासारखं एक काम आहे: लक्ष्मीमुक्तीच्या अर्जानं सातबाऱ्यावर नवऱ्याच्या नावासोबत बायकोचं नाव लावून घेणं. त्यासाठी अर्ज नवऱ्यानंच करायचा असतो.